घाट रविवारी उघडेल

जुमाकादिर स्टुडिओत यायच्या आधी त्याच्या कपड्यांवरचा डिझेलचा वास यायचा. मीरगुल म्हणायची, "आला बघा आपला अत्तरवाला." तो दाराबाहेर बूट झटकायचा, टोपी खिळ्याला अडकवायचा आणि हात पुसता पुसता विचारायचा, "वेळ आहे ना अजून?"

दिवसभर तो तेमिर-बेलच्या घाटात रस्ते खात्याचा बुलडोझर चालवायचा. हिवाळ्यात आमच्या खोऱ्यातून बाहेर पडायला तेवढी एकच वाट आहे आणि ती मोकळी ठेवणं हे त्याचं काम होतं. संध्याकाळी आमचा रेडिओ चाले, तेव्हा तो आवाजाचं यंत्र सांभाळायचा आणि शेवटी रस्त्याची बातमी स्वतः वाचायचा. वाचायचा म्हणजे समोर कागद नसायचाच. दिवसा डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगायचा. "वरच्या वळणावर घसरतंय. चाकांना साखळ्या लावल्याशिवाय येऊ नका. तोलो, तुलाच सांगतोय." तोलो म्हणजे आमचा दूधगाडीवाला. खोऱ्यातले लोक या बातमीवर आपले बेत ठरवायचे. लग्नाची तारीखसुद्धा जुमाकादिरला विचारून पक्की करत. घाटाखालच्या रस्ते खात्याच्या चौकीवर त्याला पगार मिळे. रेडिओवर चहा मिळे, तोही मीरगुलच्या लक्षात राहिलं तर.

रेडिओ म्हणजे कोश-तेरेक गावच्या वाचनालयाची मागची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, दाराला जुना लोकरी नमदा, छपरावर एक खांब आणि उपग्रहाची एक तबकडी. वाचनालय मी सांभाळतो. पुस्तकं न्यायला फारसं कोणी येत नसल्यामुळे खोली द्यायला मी हरकत घेतली नाही. शाळा सोडून बरीच वर्षं झाली तरी गावात मला सगळे आगाय म्हणतात, म्हणजे मास्तर. बुधवारी मी रेडिओवर एखाद्या पुस्तकातली दोन-चार पानं वाचतो. ऐकणारं कोणी असेल असं मी धरून चालत नाही. मीरगुल दिवसा औषधाच्या दुकानात बसते आणि दुकानाला कुलूप लावून तडक इकडे येते. रेडिओची प्रमुख तीच. तिलाही पगार नाही.

जुमाकादिरची बायको झेय्नेप कधी कधी नवऱ्याला स्टुडिओच्या फोनवरच गाठायची आणि मीरगुल खट्याळपणे तो फोन थेट हवेत सोडायची.

"जरा विचारा माझ्या नवऱ्याला, त्याचं लग्न बुलडोझरशी झालंय की रेडिओशी?"

"दोघींशीही," तो म्हणायचा. "पण जेवायला तुझ्याकडेच येतो."

"ये, ये. सगळ्या खोऱ्याचा बर्फ उपसतोस आणि आपल्या दारात गुडघाभर साचलाय. सरपण कोण फोडणार, घाटातलं अस्वल?"

सगळं खोरं हसायचं आणि दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचं कोणीतरी तिचं सरपण फोडून द्यायचं.

शुक्रवारी 'लांबचे सलाम' असायचे. आमची निम्मी तरुण पोरं रशियात आहेत. बांधकामावर, गोदामात, झाडलोटीवर. ती आपला आवाज टिपून रेडिओच्या फोनवर पाठवायची आणि आम्ही ते एकामागून एक वाजवायचो. आईबापांना घरी फोनवर बोलता येत नव्हतं असं नाही. पण पोराचा सलाम साऱ्या गावाने ऐकावा याचं वेगळंच अप्रूप होतं. शुक्रवारी संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. जवळजवळ प्रत्येक सलामाचा शेवट ठरलेला असायचा. घाट उघडला की आलोच, जुमा बायके, जरा जोर लावा. बायके म्हणजे थोरला भाऊ. धाकटी पोरं त्याला तसंच म्हणत. जानेवारीत म्हणत, भर उन्हाळ्यात घाट सताड उघडा असतानाही म्हणत. जुमाकादिर यंत्रामागून उत्तर द्यायचा, "मी उघडतो रे, तू आधी तिकीट काढ."

उमसुनाय आपाचा कुबात दर शुक्रवारी बोलायचा. इतर पोरं महिन्यातून एकदा, सणाला, आठवण झाली तर. कुबातने दोन वर्षांत एकही शुक्रवार चुकवला नव्हता. तो तिचा एकुलता एक मुलगा; आपा म्हणजे आई, आणि गावातल्या थोरल्या बाईलाही आम्ही तेच म्हणतो. नवरा कधीच गेलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, घरात एक गाय आणि चुलीशेजारच्या फळीवर रेडिओ. शुक्रवारी ती तोंड धुऊन धुतलेला रुमाल डोक्याला बांधायची आणि रेडिओसमोर बसायची, पाहुणा आल्यासारखी. शनिवारी चाचपडत स्टुडिओत यायची आणि मुलासाठी उत्तर टिपून घ्यायची. ते उत्तर जुमाकादिर पाठवायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये घाटात बर्फाचा कडा कोसळला. रस्ता बुजला आणि फोनचा मनोराही पडला. गावातले सगळे फोन मुके झाले. जगाशी बोलणारी एकच तबकडी उरली, आमच्या छपरावरची. म्हणून तो फोन आला तो वाचनालयातच आला. मी उचलला. पलीकडे एक कोवळा आवाज होता.

"आगाय, मी कुबातच्या खोलीतला. मीरगुल एजे आहेत का तिथे?"

मीरगुल सगळ्या पोरांची एजे, थोरली बहीण. तिने फोन घेतला, ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता खुर्ची पाठीमागे असल्याची खात्री करून बसली. कुबात बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. सकाळीच. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिला नव्हता.

आमच्यात मरणाची बातमी अशी वाऱ्यावर सोडत नाहीत. ज्याचं माणूस गेलं त्याला ती त्याच्याच रक्ताच्या माणसाने, घरात येऊन, हात धरून सांगायची असते. तोवर कोणी रडायचं नाही, अंगणात शोकाचा तंबू उभारायचा नाही, जनावर कापायचं नाही. उमसुनाय आपाच्या रक्ताचा एकच माणूस होता, तिचा धाकटा भाऊ इमानाली, आणि तो घाटाच्या पलीकडच्या शहरात होता. आमच्या गावातले सगळ्यांत वडीलधारे बाकास अक्साकाल काठी टेकत आले आणि त्यांनी तिथेच ठरवलं. इमानालीला कळवायचं. त्याने विमानतळावरून मयताची पेटी घ्यायची आणि घाट उघडला की यायचं. तो आल्यावर त्यानेच सांगायचं.

"तोवर तिच्या कानावर गेलं तर?" मीरगुलने विचारलं.

"कोणाच्या तोंडून जाईल? माझ्या? तुझ्या?"

दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं, तिला सोडून. बायका रोजच्यासारख्या तिच्याकडे जायच्या, हसून बोलायच्या, चहा घ्यायच्या आणि परतताना वळण आलं की डोक्याच्या रुमालाचा बोळा तोंडात कोंबायच्या.

जुमाकादिरने घाटाला हात घातला तो जणू त्याच्याशी वैर असल्यासारखा. उजाडायच्या आत जायचा आणि दिसेनासं झालं की परतायचा. खात्याचा साहेब चौकीवर येऊन ओरडून गेला. "कडा अजून बसलेला नाही. वरून आणखी खाली आला म्हणजे? आणि डिझेल खात्याचं आहे, तुझ्या आजोबांचं नाही!" जुमाकादिरने मान हलवली आणि पुन्हा यंत्रावर चढला. संध्याकाळी स्टुडिओत आला तेव्हा त्याचे डोळे बर्फाच्या चकाकीने लाल झाले होते.

"आज घरी जा," मीरगुल म्हणाली. "यंत्र मी बघते."

"आणि रस्त्याची बातमी?"

"मीच सांगते."

"तू सांगितलीस तर आपा विचारेल, जुमा का नाही सांगत? आजारी आहे का? आणि उद्या वाटीत काहीतरी घेऊन माझ्या दारात उभी राहील." तो खुर्चीत बसला. "झेय्नेप पण म्हणते, घरी ये. घरी येऊन काय करू? तिथेही तीच बातमी आहे."

मग शुक्रवार आला. दुपारनंतर आम्ही चौघे त्या खोलीत बसलो होतो, बाकास अक्साकाल, मीरगुल, मी आणि घाटातून लवकर उतरलेला जुमाकादिर.

"सलाम वाजला नाही तर ती इथे येईल," मीरगुल म्हणाली. "माझ्यासमोर उभी राहून विचारेल. मला नाही जमणार ते. आधीच सांगून ठेवते."

"वीज गेली म्हण. कार्यक्रमच नको आज," बाकास अक्साकाल म्हणाले.

"तिच्या घरातला दिवा चालू असेल ना. मग वीज फक्त माझीच गेली?"

जुमाकादिर टेबलावरच्या तारेशी चाळा करत होता.

"जुने सलाम आहेत," तो म्हणाला. "मी कधी पुसले नाहीत. कुबातचे सगळे आहेत."

मीरगुलने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. बाकास अक्साकालांनी दाढीवरून हात फिरवला.

"आवाज त्याचाच ना?"

"त्याचाच."

"मग ते खोटं नाही. उशिरा पोचलेलं आहे, एवढंच."

जुमाकादिरने गेल्या मार्चमधला एक सलाम काढला. ऋतू जुळायला हवा होता. खोलीत कुबातचा आवाज आला आणि आम्ही सगळे आपापल्या हातांकडे बघत बसलो.

"सलाम आलैकुम, कोश-तेरेक! आपा, मी कुबात. मी मजेत आहे. थंडी आहे, पण तू विणलेले मोजे आहेत. जेवणाची चैन आहे, आमच्यातला एक जण पुलाव करतो, तुझ्यासारखा नाही, पण पोट भरतं. गाय व्याली का? वासरू झालं की कळव, नाव मी ठेवणार. काळजी करू नकोस. घाट उघडला की आलोच. जुमा बायके, झोपू नका, जोर लावा!"

"गाय," मीरगुल म्हणाली. "हे गेल्या वर्षीच्या वेताचं आहे. तिला संशय आला तर?"

"या वर्षीही गाभण आहे," बाकास अक्साकाल म्हणाले. "माझ्या सुनेने परवाच पाहिली. आज-उद्या व्यायची आहे."

"आणि मोजे?"

"मोजे ती दर वर्षी विणते," मी म्हणालो.

पुलाव करणारा पोरगा अजून त्यांच्याच खोलीत आहे का, याचीसुद्धा आम्ही चर्चा केली. तोच फोनवर होता, मीरगुल म्हणाली. म्हणजे आहे. एकेक शब्द आम्ही असा तपासून घेतला. शेवटचं वाक्य कोणी तपासलं नाही. ते इतक्यांदा कानावरून गेलं होतं की ते आमच्यापैकी कोणाला ऐकूच आलं नाही.

सलाम वाजला. त्याच्या मागून कोमुझच्या तारांवरची एक धून लावली आणि मग जुमाकादिर माइकजवळ सरकला. डोळे मिटलेले होते, पण आवाज रोजचाच होता.

"रस्त्याची बातमी. वरचं वळण मोकळं झालंय. पलीकडूनही एक यंत्र लागलंय. मध्ये एकच भिंत उरली आहे. देवाच्या मनात असेल तर घाट रविवारी उघडेल, दुपारपर्यंत."

शनिवारी संध्याकाळी उमसुनाय आपा आली. धुतलेला रुमाल, हातात काठी. जुमाकादिरने उठून तिला खुर्चीत बसवलं आणि माइक तिच्या तोंडाशी आणला. मीरगुल कपाटातून काहीतरी शोधायला म्हणून पाठ करून उभी राहिली. मी निघून जायला हवं होतं, पण दाराजवळून हललो तर आवाज होईल असं वाटलं.

"चालू झालं का, जुमा?"

"झालं, आपा. बोल."

"कुबात, काल तुझा आवाज ऐकला. खणखणीत होता. मागच्या शुक्रवारी तू खोकत होतास, मला कळलं होतं, तू बोलला नाहीस तरी. गाय अजून व्यालेली नाही. तुझीच वाट बघतेय बहुतेक, नाव तू ठेवणार म्हणून. तिकडून काही आणू नकोस. मागच्या खेपेला ती इस्त्री आणलीस, मी काय करू इस्त्रीला? हातात काही घेऊन येऊ नकोस. नुसता ये." ती थांबली. "झालं. एवढंच."

जुमाकादिरने बटण दाबलं.

"आणि रस्ता उद्या नक्की ना रे?" तिने विचारलं.

"नक्की, आपा. दुपारपर्यंत."

"मग आज कणीक मळायला हवी. बोर्सोक तळते. रस्ता उघडला आणि घरात बोर्सोक नाही, असं कसं चालेल?"

"तळ ना, आपा," मीरगुल कपाटाकडे तोंड करूनच म्हणाली. "भरपूर तळ."

ती गेली. मीरगुल वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. दर वर्षी रस्ता उघडला की इमानाली बहिणीसाठी पिठाचं पोतं घेऊन येतो, ती त्याचीच वाट बघत असेल, असं मीरगुल म्हणाली आणि आम्हाला ते पटलं. रविवारी शोकाला माणसं जमणार, तेव्हा बोर्सोक लागणारच होते. ते तिच्याच हातचे असतील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बोललो नाही.

जुमाकादिरचं बोट अजून बटणावरच होतं. "हे कुठे पाठवू?" त्याने विचारलं.

शेवटी त्याने ते यंत्रात ठेवून दिलं.

रविवारी आम्ही काही पुरुष दोन गाड्यांतून घाटाकडे निघालो. पेटीला सामोरं जाऊन तिच्याबरोबर गावात यायची रीत आहे. आकाश स्वच्छ होतं आणि ऊन डोळ्यांना टोचत होतं. चौकीचं फाटक बंद होतं. फाटकापाशी तोलोची दूधगाडी उभी होती आणि तोलो तिच्या चाकाला टेकून बूट पाहत होता.

"तू इथे कसा?" बाकास अक्साकालांनी विचारलं.

"सकाळी रस्त्यात उभी होती," तोलो म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "म्हणाली, मला घाटात सोड. मी काय करू? नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं."

चौकीच्या खोलीत शेगडीजवळ उमसुनाय आपा बसली होती. मांडीवर कापडात बांधलेले बोर्सोक होते. त्यांचा तळणाचा वास खोलीभर पसरला होता. आमच्या पावलांचा आवाज ऐकून तिने तोंड वर केलं.

"कोण? बाकास अक्साकाल? आगाय? अगं बाई, एवढी सगळी माणसं! माझ्या कुबातला घ्यायला आलात?"

बाकास अक्साकाल दारात उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "त्यालाच घ्यायला आलोय."

"या थंडीत! त्याला केवढी लाज वाटेल. बसा, बसा. बोर्सोक गरम आहेत."

आम्हाला तेव्हा कळलं. तिने शुक्रवारी मुलाचं बोलणं ऐकलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ जुमाकादिरची बातमी. घाट उघडला की आलोच. घाट रविवारी उघडेल. तिला आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

वरच्या वळणावरून जुमाकादिरचा बुलडोझर खाली आला. तो पाणी प्यायला आला होता. खोलीत शिरला, तिला पाहिलं आणि पाणी न पिताच बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेलो. त्याने यंत्र बंद केलं होतं. त्याच्या हातात खात्याचा बिनतारी फोन होता आणि तो पलीकडच्या यंत्रवाल्याशी बोलत होता.

"थांब तू. आज भिंत फोडू नकोस. गाड्या मागे ने."

"का? काय झालं?" खरखरीतून आवाज आला.

"कडा हललाय."

"कुठला कडा? मी समोर बघतोय की. ढिम्म आहे. झोप झाली नाही का तुझी? अरे, इथे माझ्या पाठीमागे माणसं मयत घेऊन कालपासून उभी आहेत. मी फोडतोय."

"ऐक माझं—"

पलीकडून फोन बंद झाला. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच रस्त्याबद्दल खोटं बोलला होता आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मग तो खोलीत गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आपा, आज काही घाट उघडत नाही. चल, तोलो सोडेल घरी."

ती हसली. "मला उठवून सगळे बोर्सोक तू खाणार होय?"

"खरंच, आपा. उद्या होईल."

"रेडिओवर तू दुपार म्हणालास. रेडिओवर तू कधी चुकलायस का? माझं लग्न झालं तेव्हापासून रस्ता असाच अडतो, पण तू सांगायला लागल्यापासून कोणी फुकट वाट बघितली नाही. ऊठ, काम कर. माझं पोर तिकडे गारठलं असेल."

जुमाकादिर उठला नाही. तो तिथेच बसून राहिला, हात गुडघ्यांवर ठेवून. वरून यंत्राची घरघर आली, वाढत गेली, मग काहीतरी ढासळल्याचा आवाज झाला आणि मागे कुठेतरी, पलीकडच्या रांगेत, एका गाडीने भोंगा वाजवला. घाट उघडला की दर वर्षी सगळ्या गाड्या भोंगे वाजवतात. त्या गाडीवाल्याला पुढे काय आहे ते माहीत नसावं.

"आलं!" उमसुनाय आपा म्हणाली. ती उठली, गाठोडं छातीशी धरलं आणि माझी बाही पकडली. "आगाय, मला बाहेर न्या. मला दिसायचं नाही. तुम्ही बघा आणि सांगा."

मी तिला बाहेर नेलं. दुसरं काय करता आलं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

"कोणती गाडी?"

"पांढरी. मोठी."

"कोण उतरलं?"

"इमानाली."

"बघा! मामाच घेऊन आला भाच्याला." तिने आवाज चढवला. "इमानाली! तो कुठाय? मागे बसलाय का?"

इमानालीने तिला पाहिलं. तो पायरीवरून उतरत होता, तसाच एक पाय खाली एक पाय वर राहिला. गावाच्या वेशीपासून आक्रोश करत यायचं, अंगणात तंबू उभारलेला असेल, बायका तिच्याभोवती बसलेल्या असतील, मग आत जाऊन तिचा हात धरायचा, असं सगळं त्याने वाटेत मनाशी योजलं असणार. इथे रस्त्याच्या मधोमध डिझेलच्या धुरात ती हसत उभी होती. तो आला आणि त्याने तिला मिठी मारली.

तिने गाठोडं एका हातात धरून दुसरा हात त्याच्या पाठीवर फिरवला, वरून खाली. कमरेशी तो थांबला. इमानालीने कोटावरून पट्टा आवळून बांधला होता. आमच्याकडे कोटावरून असा पट्टा घरातलं माणूस गेल्यावरच बांधतात. तिची बोटं त्या पट्ट्यावरून पुढे गेली, गाठीपर्यंत. मग परत मागे आली. पुन्हा गाठीपर्यंत गेली.

इमानालीने तोंड उघडलं आणि त्याच्या घशातून तो आवाज निघाला जो त्याने वेशीपर्यंत दाबून ठेवायचा ठरवला होता. गाडीतल्या पुरुषांनीही सुरुवात केली. बाकास अक्साकालांनी टोपी काढली.

ती रडली नाही. तिने तोंड फिरवलं. मला आधी वाटलं ती पेटीकडे वळते आहे. पण ती जुमाकादिरचा वास शोधत होती. तो चौकीच्या दारात उभा होता.

"जुमा," ती म्हणाली. "मग शुक्रवारी कोण बोललं?"

तिने थोडा वेळ वाट पाहिली, उत्तर येईल अशा बेताने मान कलती धरून. मग इमानालीने तिला गाडीत चढवलं. ती पेटीशेजारी बसली. बोर्सोकचं गाठोडं तिने गावापर्यंत हातातून सोडलं नाही. तंबूत जेवणाचा दस्तरखान अंथरला तेव्हा बायकांनी ते सोडवून घेतलं आणि पाहुण्यांपुढे मांडलं. मी एक घेतला. न घेणं शक्य नव्हतं.

गाय त्याच आठवड्यात व्याली.

पुढच्या शुक्रवारी सलाम लावले, तर वाचनालयाच्या दारात दोन बायका उभ्या.

"माझ्या पोराचा हा सलाम कधीचा आहे?"

"आजचाच आहे, एजे. सकाळी आला," जुमाकादिर म्हणाला.

"शपथ घे."

त्याने शपथ घेतली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चौघी आल्या. फोनचा मनोरा उभा राहिल्यावर आया मुलांना फोन करून विचारायच्या, आत्ता रेडिओवर बोललास तो तूच का, कधी बोललास. पोरं वैतागली. काही जण सलामाच्या सुरुवातीला वार सांगायला लागले, त्या दिवसाचे बाजारभाव सांगायला लागले, आणि ते ऐकताना अंगावर काटा यायचा. हळूहळू त्यांनी पाठवणंच सोडलं. मीरगुलने एके दिवशी शुक्रवारच्या जागी कोमुझची गाणी लावली आणि कोणी काही विचारलं नाही.

जुमाकादिर अजून येतो. बूट झटकतो, टोपी खिळ्याला अडकवतो. झेय्नेप आता स्टुडिओत फोन करत नाही. रस्त्याची बातमी तोच सांगतो, पण लोक आधी तोलोला विचारतात, खरंच उघडा आहे का, तू डोळ्यांनी पाहिलास का.

कुबातच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यानंतरच्या शनिवारी उमसुनाय आपा आली. धुतलेला रुमाल होता. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. मीरगुलने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. माइक समोर होता, पण तिने तो हाताने बाजूला सारला.

"त्या शनिवारी मी बोलले होते, ते कुठे आहे?"

"इथेच आहे, आपा," जुमाकादिर म्हणाला.

"म्हणजे पाठवलं नाहीस."

"नाही."

"पुसून टाक."

त्याने पुसलं. "पुसलं, आपा."

"वाजवून दाखव."

त्याने पाहिलं माझ्याकडे, मग मीरगुलकडे. मग त्याने ती रिकामी जागा वाजवली. खोलीत यंत्राची बारीक गुणगुण तेवढी आली. उमसुनाय आपा मान कलती करून ती ऐकत राहिली, शुक्रवारी ऐकायची तशी. बराच वेळ तिने हात वर केला नाही आणि जुमाकादिरला थांबवायचा धीर झाला नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. ती उठली आणि काठी चाचपून दारापर्यंत गेली. तिथे थांबली. "आणि त्याचे?"

"तेही सगळे आहेत, आपा. तुला हवे असतील तर—"

"असू देत तिथेच," ती म्हणाली. "पण वाजवू नकोस."

मी तिला पायऱ्यांवरून खाली सोडून आलो. आत आलो तेव्हा बातमीची वेळ झाली होती. जुमाकादिर माइकजवळ सरकला आणि त्याने सांगितलं की घाट उघडा आहे.